दोघांसाठी बर्फातला टिपी तंबू: केवढा घ्यावा, आत चूल ठेवावी का?

उमेओकर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, मी आणि नवरा, मूळचे नाशिकचे. सध्या मुक्काम उत्तर स्वीडनमधलं उमेओ. उन्हाळ्यात आमचा घुमटी तंबू घेऊन भरपूर हिंडतो, पण पहिला बर्फ पडला की तंबू माळ्यावर जातो आणि आम्ही सोफ्यावर. यंदा मार्चमध्ये, दिवस जरा मोठा झाला की, बर्फात तंबू ठोकून दोन-तीन रात्री काढायच्या असं चाललंय. आधी गावाबाहेरच्या पाइनच्या जंगलात. ते निभावलं तर पुढे हेमावान ते अम्मारनेस, म्हणजे कुंग्सलेडेन या लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेचा दक्षिणेकडचा ७८ किलोमीटरचा टप्पा, स्कीवरून, मागे सामानाची ओढगाडी बांधून.

नवऱ्याने डोक्यात घेतलंय की तंबू टिपीच हवा. शंकूसारखा, मधोमध एक खांब, आत लाकडाची चूल, वरून धुरांडं बाहेर. त्याच्या ऑफिसातल्या एका स्वीडिश काकांनी त्याला त्यांच्या टेंटिपीत (त्या नावाच्या स्वीडिश कंपनीचा टिपी तंबू) बसवून कॉफी पाजली, तेव्हापासून हे वेड. काकांचा सल्ला, "टेंटिपी घे आणि विषय संपव." आम्ही किंमत पाहिली आणि विषय आपोआपच संपला. आमचं बजेट तंबू, चूल, धुरांडं असं सगळं धरून १०,००० क्रोनर, फार ओढाताण केली तर १२,०००.

आता गोंधळ असा की जो भेटतो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो दोघांना चार माणसांचा घ्या, दुसरा म्हणतो सहाचा घ्या, तिसरा म्हणतो जितका लहान तितका उबदार. कापडाचंही तसंच: कॉटनमिश्रित, नायलॉन, पॉलिएस्टर. काहींत जमीनच नाही, थेट बर्फावर! आतला तंबू वेगळा घ्यायचा म्हणे. नवरा १८५ सेंटिमीटर उंच आहे, झोपला की पाय कुठेतरी टेकतातच. माझे पाय मे महिन्यातही गार असतात. इथे मार्चच्या रात्री उणे १५ सहज, उणे २५ सुद्धा होऊ शकतं. आणि माझी खरी धास्ती वेगळीच आहे. कापडाच्या तंबूत विस्तव ठेवून झोपायचं?

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. जाहिरातीतलं वाचून झालंय.

सह्यवेडा_पुणे

एक साधा प्रश्न: टिपीच का? केदारकंठ्याला (१२,५०० फूट) डिसेंबर-जानेवारीत हजारो लोक बर्फावर झोपतात, साध्या घुमटी तंबूत, आत चूलबिल काही नाही. चांगली स्लीपिंग बॅग, खाली दोन मॅट, पायाशी गरम पाण्याची बाटली, झालं. तुम्ही तर स्वीडनमध्ये राहता. हिलेबर्ग तुमचीच कंपनी, त्यांचा नाल्लो २ हा बोगदा तंबू अडीच किलोच्या आत बसतो आणि दोघांना पुरतो. महाग आहे हे मान्य, पण सेकंडहँड मिळतो आणि टिकतो.

चूल असलेला तंबू मी पाहिला तो चांगथांगला. लडाखातले चांगपा पशुपालक याकच्या केसांचा रेबो उभारतात, आत चूल आणि धूर जायला माथ्यावर लांब फट. अप्रतिम प्रकार आहे. पण तो वाहायला याक असतो. आपल्याकडे याक आहे का, एवढं बघून निर्णय घ्यावा.

त्रोंदहाइमचा_कोल्हापुरी

पुणेकरांचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर अर्धं आहे. केदारकंठ्याला तुमच्या तंबूत चूल नसते, कारण शेजारी कंपनीचा किचन तंबू असतो, जेवणाचा तंबू असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तुम्ही खाली गावात पोचता. इथे दोनच माणसं. स्वयंपाकी तेच, हमालही तेच. रात्रभर श्वासातली वाफ बॅगेच्या पिसांत जाऊन बसते. पहिल्या रात्री कळत नाही, तिसऱ्या रात्री बॅग जड आणि चपटी झालेली असते. मोजे, हातमोजे, बुटांचं अस्तर, सगळ्याचं तेच. चुलीचा खरा उपयोग हे सगळं वाळवायला. ऊब वरकड.

उमेओकर ताई, मी त्रोंदहाइमला राहतो आणि हिवाळ्यात रोरोसच्या पलीकडे फेमुंडमार्काच्या पाइन जंगलात जातो, तुमच्या सरहद्दीला लागून आहे ते. बायको बरोबर असते, आणि तिचेही पाय मे महिन्यात गारच असतात. तेव्हा माझं ऐका: तंबूचं मागनं बघू, आधी चुलीचं ठरवा. चूल पेटवणार असाल तरच टिपीत पैसे घाला. नसाल तर पुणेकर म्हणतात तो बोगदा तंबू घ्या. टिपी म्हणजे डोक्यावर उंच पोकळी. दोन माणसांच्या अंगाची ऊब तिथे वर जाऊन बसते आणि तुम्ही तळाशी कुडकुडता. पहाटे कापडाच्या आतल्या बाजूला हिम धरतं, आणि वाऱ्याने कापड हललं की ते भुरभुर तोंडावर पडतं. बिनचुलीची टिपी उन्हाळ्यात झकास, उणे २० ला नको.

आता तुमच्या दोन बेतांना हे लावून बघा. घराजवळच्या जंगलात, गाडीपासून एक-दोन किलोमीटरवर: चूल शंभर टक्के. हेमावान-अम्मारनेसला: नको. हिशेब सांगतो. छोटी चूल धगधगती ठेवली तर तासाला दीड-दोन किलो कोरडं बर्चचं लाकूड खाते. संध्याकाळचे तीन तास आणि सकाळचा एक धरला तर रोजचे सहा ते आठ किलो. पाच दिवसांचे तीस-चाळीस किलो नुसतं लाकूड, तेही चढावर ओढायचं. वाटेत गोळा करू म्हणाल, तर वाटेचा बराच भाग झाडांच्या रेषेच्या वर आहे आणि खाली दरीत आहेत ती खुरटी बर्च. स्वीडनच्या आलेमान्सरेत्तेनमध्ये, म्हणजे निसर्गात कुणालाही हिंडायच्या हक्कात, जमिनीवर पडलेल्या काटक्या-फांद्या घेता येतात. उभं झाड तोडायचं नाही, वाळलेलं असलं तरी. आणि मार्चमध्ये त्या पडलेल्या काटक्या मीटरभर बर्फाखाली असतात. शिवाय तो सगळा पट्टा विंडेलफ्येलेन संरक्षित क्षेत्रात येतो, तिथले विस्तवाचे नियम आधी लेनस्टिरेल्सेनच्या (प्रांताच्या प्रशासनाच्या) पानावर वाचा. त्या वाटेवर वितेरस्कालेत, सितेर, तेर्नाशो, सेर्वे, आयगेर्त अशा एसटीएफच्या (स्वीडिश पर्यटन संघटनेच्या) झोपड्या आहेत, आत चूल आणि लाकूड ठेवलेलं असतं, मार्च-एप्रिलमध्ये उघड्या असतात. तिथे झोपड्यांत राहा. दोन बेतांना एकच तंबू पुरवायच्या नादात लोक असा तंबू घेतात की जो जंगलात अपुरा आणि डोंगरावर जड.

म्हणजे आता फक्त जंगलासाठी टिपी बघायची. माप काढू. कंपनी "चार माणसांचा" म्हणते ते चार जण खांबाकडे पाय करून सरळसोट झोपलेले धरून, चूल नाही, सामान नाही, जाड बॅगा नाहीत. समजा तळाचा व्यास ३ मीटर आणि उंची १.८० आहे. भिंत तिरकी असल्यामुळे जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आतला व्यास राहतो २.१७ मीटर. ५० सेंटिमीटर का, तर जाड मॅटवर जाड बॅगेत झोपलेल्या माणसाचं डोकं आणि पाय साधारण तिथवर येतात. खांबापासून थोडं सरकून मॅट टाकली की मॅटच्या मधल्या रेषेवर लांबी उरते १.९० च्या आसपास, बाहेरच्या कडेला दीड मीटरसुद्धा नाही. तुमच्या साहेबांची टाळू आणि तळवे दोन्ही कापडाला. कापडावर हिम, बॅगेचं टोक ओलं.

आता ४ मीटर व्यास आणि २.५० उंची घ्या. ५० सेंटिमीटरवर व्यास ३.२० मीटर. दोन्ही मॅट शेजारीशेजारी खांबाच्या एकाच बाजूला टाकल्या तरी दुसऱ्या मॅटच्या मधल्या रेषेवर २.३० मीटर मिळतात. म्हणजे अर्ध्यात झोपणं, अर्ध्यात चूल, लाकूड आणि दार. साहेब पाय पसरू शकतात. म्हणून दोघांसाठी ज्याच्यावर "चार ते सहा" लिहिलंय तो घ्या, पण तो आकडा विसरा आणि व्यास बघा: पावणेचार ते सव्वाचार मीटर. त्याहून मोठा नको. वरची हवा तापवण्यात लाकूड जातं, आणि जंगलात तेवढी सपाट जागा सापडत नाही. तंबू षटकोनी-अष्टकोनी असेल तर कोपऱ्यातला व्यास जास्त दिसतो. दुकानदार तोच सांगतो. तुम्ही कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा विचारा.

कापडाचं थोडक्यात. कॉटनमिश्रित: आतून कमी पाणी धरतं, ठिणगी पडली तर लगेच भोक पडत नाही, आवाज कमी. पण जड, आणि ओलं होऊन गोठलं की घडी घालता येत नाही, पुठ्ठ्यासारखं कडक होतं. परत आल्यावर पूर्ण वाळवावं लागतं, नाहीतर काळी बुरशी. तुमच्या घरी ४ मीटरचा तंबू पसरायला जागा आहे का? फ्लॅट असेल तर विचार करा. सिलिकॉन लावलेलं नायलॉन: हलकं, मजबूत, पण ओलं झालं की सैल पडतं, मग रात्री उठून दोऱ्या ताणा. पॉलिएस्टर त्यामानाने सैल पडत नाही. ठिणगीचं भोक दोघांनाही पडतं. तुमच्या बजेटात आणि ओढगाडीच्या वजनात मी सिलिकॉनचं पॉलिएस्टर किंवा नायलॉन घेईन. चिकटपट्टीचे तुकडे बरोबर ठेवा.

तंबू बघताना मी चार जागी हात लावतो. पहिली, धुरांड्याचं भोक. त्याला आगरोधक कापडाची चकती शिवलेली हवी, आणि चूल पेटवायची नसेल तेव्हा ते झाकायला फडकं. भोक नसलेला तंबू घेऊन नंतर घरी शिवण्याच्या भानगडीत पडू नका. दुसरी, तळाची झालर. बर्फातल्या तंबूला खाली वीस-पंचवीस सेंटिमीटरची झालर पाहिजे, तिच्यावर बर्फ ओढला की खालून वारा येत नाही. तिसरी, माथ्यावरची हवेची वाट. ती आतून, बसल्या जागेवरून उघडता-मिटता आली पाहिजे. टेंटिपीचं टोपडं दोरीने तसं चालतं, तुमच्या काकांच्या तंबूत पाहिलंच असेल. महाग आहे, पण महाग का आहे ते त्या टोपड्यात कळतं. चौथी, भिंतीच्या मध्यावर ताणाच्या दोऱ्या बांधायला फासे. ते नसतील तर वाऱ्यात भिंत आत फुगते आणि चुलीकडे येते. हे शेवटचं सगळ्यात जास्त लोक विसरतात.

नावं विचारालच, म्हणून. नॉरटेंटचा टिपी ४ आणि टिपी ६ बघा, हेल्स्पोर्टचे "लावू" (इथला पारंपरिक टिपीसारखा तंबू) बघा, दोन्ही कंपन्या नॉर्वेच्या. लुक्सचा मेगाहॉर्न तुमच्या बजेटात बसण्याची शक्यता जास्त, बरीच मंडळी त्यावरच सुरुवात करतात. रोबेन्सचा क्लोंडाइक सुंदर आहे, पण तो गाडी शेजारी लावून ठोकायचा तंबू, ओढगाडीवर नको. आणि ब्लोकेत या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर सेकंडहँड टेंटिपी येत राहतात, विशेषतः एप्रिलनंतर. मार्चची घाई नसती तर मी एप्रिलपर्यंत थांबा म्हटलं असतं.

जाता जाता: हा आकार इथल्या सामी लोकांचा, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या इथल्या मूळ रहिवाशांचा. अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या आदिवासींच्या टिपीपेक्षा त्यांचा लावू बुटका आणि पसरट, कारण उघड्या माळावरचा वारा. नॉर्वेत कारासयोकला सामी संसदेची इमारत आहे, २००० साली झाली, तिचं सभागृह लावूच्या आकाराचं आहे. आणि १९७९ ला आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी तरुणांनी ओस्लोत नॉर्वेच्या संसदेसमोर लावूच ठोकला होता. तुमच्या भागातही रेनडिअर असतात. मार्च-एप्रिलमध्ये ते उपाशी आणि थकलेले असतात, कळप दिसला तर लांबून वळसा घाला.

उमेओकर

दादा, खूप आभार. ३.२० आणि २.१७ चा हिशेब नवऱ्याला दाखवला. त्याने बैठकीच्या खोलीत दोरीने वर्तुळ आखलं आणि त्यात आडवा झाला. ३ मीटरच्या वर्तुळात त्याच्या डोक्याशी मी चादर तिरकी धरली. टाळूला लागली. त्यामुळे मापाचा वाद मिटला. हेमावानला चूल न्यायची नाही हेही त्याने मान्य केलं, जरा तोंड पाडून.

पण कार्बन मोनॉक्साइडचं कुणीच बोललं नाही. चूल पेटती ठेवून झोपायचं की नाही? आणि आतला तंबू घ्यायचा की नुसती ताडपत्री?

टोरांटोची_सुलूमावशी

उमेओकर, तू विचारलंस ते बरं केलंस, पुरुषमंडळी कापडावर दोन तास बोलतील आणि धुरावर एक ओळ नाही.

आम्ही इकडे कॅनडात अल्गोंक्विन पार्कात म्यू लेकच्या कॅम्पग्राउंडला जातो. ते हिवाळाभर उघडं असतं. लाकूड तिथेच विकत घ्यायचं. ॲश झाडं पोखरणाऱ्या किड्यामुळे इकडचं लाकूड तिकडे न्यायचं नसतं. आमच्या गटात सगळे याला "हॉट टेंट" म्हणतात आणि सगळ्यांचा नियम एकच आहे: झोपताना चूल विझलेली. पूर्ण विझलेली, मिणमिणती नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. आणि दिवसभर स्की केल्यावर प्रत्येकाला तसंच वाटत असतं, म्हणून ओळखू येत नाही.

लोकांना वाटतं धोका चूल भडकलेली असताना. खरं उलट आहे. भडकलेल्या चुलीत धुरांड्याला ओढ चांगली असते, धूर वर जातो. शेवटी निखारे उरतात, कुणीतरी "रात्रभर टिकू दे" म्हणून झडप मिटतं, हवा कमी पडते आणि तेव्हा हा वायू सगळ्यात जास्त तयार होतो. धुरांडं गार पडत आलेलं, ओढ नाही, मग तो तंबूतच राहतो. म्हणून शेवटचं लाकूड झोपायच्या तासभर आधी, झडप उघडी, आणि निखाऱ्यांची राख होईपर्यंत एकाने जागं राहायचं. निखारे घमेल्यात काढून आत ठेवणं, बार्बेक्यू आत आणणं, हे कधीच नाही.

कोल्हापुरी दादांनी झालरीवर बर्फ ओढा म्हटलंय. ओढा, पण सगळीकडून नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला हातभर जागा मोकळी ठेवा. चारी बाजूंनी बर्फ थापला आणि वरचं टोपडं थंडी वाजते म्हणून मिटलं, की तंबू बाटलीबंद झाला. खालून हवा यायला वाट, वरून जायला वाट, दोन्ही कायम उघड्या. रात्री बर्फ पडत असेल तर मध्येच उठून ती खालची फट हाताने मोकळी करायची.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच. तुमच्याकडे युरोपात कॅरव्हान आणि बोटींसाठीचा ईएन ५०२९१-२ असा छापलेला मिळेल, तो घे. घरातल्या साध्यापेक्षा तो हलणं-डुलणं आणि तापमानाचा चढउतार जास्त सोसतो. बॅटरी साधी अल्कलाइन नको, थंडीत मान टाकते. लिथियमच्या पेशी घाल. कुठल्या थंडीपर्यंत चालतो ते डब्यावर वाच. दिवसा सामानात गारठू देऊ नकोस, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेव आणि तंबूत आलं की डोक्याच्या उंचीवर अडकव. अलार्म आहे म्हणून चूल पेटती ठेवायची परवानगी मिळत नाही, हे नवऱ्याला सांग.

आता चुलीचं. नवीन चूल घरी आली की पहिल्यांदा अंगणात पेटवायची. पत्र्यावरचं तेल आणि लेप जळताना घाणेरडा धूर निघतो, तो तंबूत नको. गुंडाळून नेता येणारं टायटॅनियमचं धुरांडं घेणार असाल तर ते पहिल्यांदा उलगडणं हा दोघांचा कार्यक्रम आहे. कागदापेक्षा थोडा जाड पत्रा, वळकटी सोडली की उसळी मारून सरळ होतो, कडा ब्लेडसारख्या. चामडी हातमोजे घालूनच. एकाने एका टोकाला कडी धरायची, दुसऱ्याने पत्रा लांबीच्या दिशेने वळवत नेऊन पुढची कडी सरकवायची, मध्येच सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा तापलं की निळं-जांभळं होतं आणि तो गोल आकार धरायला लागतं, मग दुसऱ्या वेळेपासून निमूट वळतं. आमच्या घरी पहिल्या वेळेस तासभर कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

धुरांड्याच्या टोकाला ठिणग्या अडवायची जाळी असते. ओलं लाकूड जाळलंत तर ती काजळीने बुजते आणि धूर उलटा आत येतो. आत धूर दिसायला लागला की आधी दार उघड, मग जाळी बघ.

झोपायचं म्हणजे बाहेरच्याच थंडीत झोपायचं, हे धरून बॅग घे. चूल विझली की तंबूत काही मिनिटांत बाहेरचंच तापमान येतं, कापडाला ऊब धरून ठेवता येत नाही. उणे २५ होणार असेल तर बॅगेवरचा "कम्फर्ट" आकडा बघ. "एक्स्ट्रीम" आकड्याकडे पाहूसुद्धा नकोस, तो फक्त जीव वाचण्याचा आकडा आहे. खाली दोन मॅट, त्यांच्या आर-व्हॅल्यूची (मॅट थंडी किती अडवते त्या आकड्याची) बेरीज होते. एक फोमची आणि एक हवेची मिळून सहा-सातच्या पुढे गेली की बर्फ पाठीला जाणवत नाही. बॅगेत शिरायच्या आधी पाच मिनिटं जागच्या जागी उठाबशा काढ. गार पायांवर मला सापडलेला हाच एक इलाज.

आतला तंबू पूर्ण घेऊ नकोस. चूल असली की तो अर्ध्या वाटेत येतो. दोन मॅटखाली पुरेल एवढी ताडपत्री बास, बाकी अर्धं बर्फच राहू दे. त्या अर्ध्यात दाराशी गुडघाभर खड्डा खणायचा. बसलं की पाय खाली सोडता येतात, खुर्चीत बसल्यासारखं, आणि थंड हवा त्या खड्ड्यात उतरते. बूट घालणं-काढणं तिथेच, बर्फ ताडपत्रीवर येत नाही.

सह्यवेडा_पुणे

मावशी, खड्ड्याची आयडिया फर्मास. याक मागे घेतो.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक भर. एका खांबाचा शंकूसारखा तंबू आणि आत खास त्याच्यासाठीची चूल, ही जोडी अमेरिकन सैन्याने खूप आधी वापरली. हेन्री हॉपकिन्स सिब्ली नावाच्या अधिकाऱ्याने १८५६ साली अशा तंबूचं पेटंट घेतलं. मैदानी आदिवासींची टिपी पाहूनच केलेला. त्याची पत्र्याची चूलसुद्धा शंकूसारखी, बुड नसलेली, थेट जमिनीवर ठेवायची. म्हणजे आजचे हे सगळे "नावीन्यपूर्ण" तंबू पावणेदोनशे वर्षं जुने.

उमेओकर

सुलूमावशी, हे मला कुणीतरी असं स्पष्ट सांगायलाच हवं होतं. अलार्म आजच मागवला. नवरा म्हणतो निखाऱ्यांची राख होईपर्यंत तो जागा राहील. बघू.

शेवटचे दोन प्रश्न. बर्फात मेखा कशा धरतात? आमच्या उन्हाळी मेखा तर लोण्यात सुरी जावी तशा जातील. आणि चूल, खांब हे बर्फात खचत नाहीत का?

त्रोंदहाइमचा_कोल्हापुरी

खचतात. म्हणून तंबू ठोकायच्या आधी स्की घालून ती जागा तुडवायची, तंबूपेक्षा मीटरभर जास्त, आणि मग पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायची. तुडवलेला बर्फ आपोआप जमून घट्ट होतो. तेवढ्यात लाकूड फोडा, चहा करा. खांबाखाली वीतभर रुंद प्लायवुडचा चौकोन ठेवा, नाहीतर खांब रात्रभर हळूहळू खाली जातो आणि सकाळी तंबू सैल, भिंत चुलीच्या जवळ. झाडाखाली पडलेल्या दोन जाड फांद्या आडव्या टाकून त्यावर चूल. चूल खालचा बर्फ वितळवतेच, त्यामुळे मधून मधून पाय बघायचे, एका बाजूला कलली की धुरांडं ओढलं जातं. बर्फ कमी असेल तर सरळ मातीपर्यंत खणा.

मेखा: उन्हाळी घरी ठेवा. जुन्या सुती चादरीच्या वीत बाय वीत पिशव्या शिवा, दोरी बांधून. आत बर्फ भरायचा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरायची, वर बर्फ घालून पाय देऊन दाबायचं, आणि दोरी लगेच ताणायची नाही. पंधरा मिनिटांनी ताणा, मग गाडी बांधली तरी निघत नाही. दोरीची गाठ बर्फाच्या वर ठेवा म्हणजे निघताना फक्त गाठ सोडायची, पिशवी मागनं फावड्याने खणायची. स्की आणि काठ्या वाऱ्याच्या बाजूच्या मुख्य ताणांना वापरू शकता, पण मग रात्री कुठे जायचं झालं तर त्या मोकळ्या नसतात, हे लक्षात ठेवा. पिशव्या तंबूला जेवढे ताण तेवढ्या आणि वर चार जास्त.

टिपीचा एक फायदा सांगायचा राहिला. वारा फिरला तरी तिला फरक पडत नाही, सगळ्या बाजू सारख्याच. बोगदा तंबू वाऱ्याकडे तोंड करून ठोकावा लागतो आणि वारा आडवा झाला की हैराण करतो. फक्त टिपीत एक ताण सुटला की शेजारच्या दोघांवर भार येतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूला दुहेरी पिशव्या.

आणि सगळं विकत घेत बसू नका. तुमच्याकडे फ्रितिद्सबांकेन आहे, खेळाचं-भटकंतीचं सामान उसनं देणारी संस्था, तिथे स्की, मॅट, कधीकधी ओढगाडीसुद्धा १४ दिवसांसाठी फुकट मिळते. तुमच्या गावच्या शाखेत काय आहे ते विचारा. वाचलेल्या पैशांत चांगली चूल येईल. दाराला काचेची खिडकी असलेली बघा. निखारे कितपत उरलेत ते दार न उघडता दिसतं, आणि साहेबांना जागं राहायचंच आहे.

उमेओकर

चादर फाडली. सोळा पिशव्यांचं कापड निघतंय. काचेची चूल त्याला दाखवली, तर लगेच म्हणाला हीच घेऊ.